पोटखराबा

आमच्या घरच्या जुन्या सातबाऱ्यावर जमिनीचे दोन भाग पडलेले आहेत. पहिला लागवडीखालचा, ज्यात आंब्याची कलमे, थोडा काजू आणि पावसाळ्यात भाताखाली येणारे चार कुणगे मोडतात. दुसऱ्यापुढे तलाठ्याच्या वळणदार अक्षरात ‘पोटखराबा’ असे लिहिलेले आहे. लागवडीला निरुपयोगी, म्हणून सारा माफ. हा दुसरा भाग म्हणजे घरामागची पाखाडी चढून गेल्यावर एकदम उघडा पडणारा सडा. काळपट, तांबूस, मैलोन्‌मैल सपाट असा हा जांभ्या दगडाचा कातळ आहे, आणि त्यावर एकही झाड धड माणसाच्या उंचीचे नाही. दर वर्षी शिमगा आटोपला की मी एक दिवस काढून हा सडा तुडवायला जातो, आणि दर वर्षी अंगणात काजूबिया वाळत घालणारी काकू मान वर न करता विचारते, “उन्हाचा कुठे निघालास? तिथे काय ठेवलंय?”

तिचा प्रश्न रास्त आहे. कोकणात कोणी उगाच चालत नाही. चालायचे ते गुरे आणायला, गवत कापायला, देवळात किंवा एसटीच्या थांब्यावर. पाहुणे येतात ते समुद्राला पाय लावायला किंवा पावसात धबधबे पाहायला, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखाची कोरडी बाजू त्यांच्या गावीही नसते. दसरा-दिवाळीपर्यंत सड्यावरचे गवत पिवळे पडते, पौषात ते कापले जाते, आणि त्यानंतर मृग लागेपर्यंत तिथे फक्त दगड आणि ऊन उरते. मला सडा आवडतो तो याच दिवसांत. पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरलेला सडा सुंदर दिसतो हे मान्य आहे, पण तेव्हा त्याची हाडे दिसत नाहीत.

या चालण्याचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, वाऱ्यावर ठरते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहत असते. ती कोरडी आणि गार असते, आणि तिच्या पाठबळावर माणूस न थकता दोन तास चालतो. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि घाम सुकवू लागतो. अवघड असतो तो मधला काळ, मतलई पडलेली आणि खारा अजून न सुटलेला, जेव्हा कातळावरची हवा डोळ्यांसमोर थरथरू लागते. फाल्गुन-चैत्रात कधी कधी पूर्वेकडचा वारा हटत नाही, खारा वारा सुटायला दुपार टळते, आणि त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या गावांत उष्म्याचा कहर होतो. हे मला ठाऊक नव्हते तेव्हा मी एकदा सकाळी दहाला आरामात न्याहारी करून निघालो होतो. त्या दिवशी नव्या बुटाचा तळ तापून अर्धा सुटला आणि उरलेली वाट मी तो पंच्याने बांधून, पाय ओढत पार केली. आता उजाडण्याआधी निघतो. सोबत घावन आणि लसणीची चटणी असते, दोन बाटल्या साधे पाणी असते आणि एका बाटलीत मीठ घातलेले कोकमाचे आगळ पाण्यात कालवून घेतलेले असते. गोड सरबत उन्हात तहान वाढवते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

पहिला तासभर काहीच घडत नाही. कुंपणाचा गडगा ओलांडला, बेडे म्हणजे फाटक मागे ओढून घेतले की गुरांच्या खुरांनी पडलेली फिकट रेघ तेवढी सोबतीला असते. मग डोळे सरावतात. कातळाच्या भेगेत मुळे खुपसून बसलेली अंजनीची खुरटी झुडपे निळ्या फुलांनी फांदीभर लगडलेली दिसतात. करवंदीच्या जाळीत अजून हिरवी, चिकाची फळे असतात. मध्येच दगडाला चौकोनी खाच पडलेली दिसते, म्हणजे कोणी तरी कधी तरी घरापुरते चिरे काढले आहेत. स्कॉटिश अभ्यासक फ्रान्सिस बुकानन याने केरळात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराईट असे नाव दिले, कारण हा ओला असताना कुऱ्हाडीसारख्या हत्यारानेही कापता येतो आणि उघड्या हवेत राहिला की कडक होतो. आमच्या घराच्या भिंती याच पोटखराब्यातून निघालेल्या आहेत, हे सातबाऱ्यात कुठेही नोंदलेले नाही.

पाण्याचेही तसेच. हा दगड मुळात पावसानेच घडवला आहे. उष्ण, ओल्या हवेत मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षे धुपून गेली आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. तो स्पंजासारखा सच्छिद्र आहे, म्हणून आषाढातले पाणी वर ठरत नाही, आत जिरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आमच्या बाजूच्या बहुतेक वाड्या सड्याच्या माथ्यावर नाहीत, त्याच्या कडेखाली आहेत. वरचा तहानलेला कातळ आणि खालची पोफळीची बाग हे एकाच पाण्याचे दोन टोकांचे हिशेब आहेत.

दोन तासांनी कशेळीचा सडा लागतो. राजापूर तालुक्यातले हे गाव कनकादित्याच्या, म्हणजे सूर्याच्या, देवळामुळे प्रसिद्ध आहे, पण मी जातो तो कातळावर कोरलेल्या हत्तीसाठी. तो सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा सांजेला, खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि हत्ती उठून दिसतो. डोक्यावर सूर्य आला की रेघा दगडात विरून जातात. लवकर निघण्याचे खरे कारण हेही आहे. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी आणि कुडोपी या आठ ठिकाणांची कातळशिल्पे, गोव्यातल्या फणसायमाळसह, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र या चित्रांत हत्ती, मासे आणि आज कोकणात नसलेला गेंडा सापडतो, पण नांगर किंवा शेतीची खूण सापडत नाही, म्हणून बरेच जण ती शेतीपूर्व काळातली मानतात. जे क्षेत्र लागवडीला अयोग्य म्हणून आपण सोडून दिले, ते ज्यांनी वापरले त्यांना लागवड ठाऊकच नव्हती, हा विचार त्या हत्तीच्या पाठीजवळ उभे राहून घावन खाताना मला दर वर्षी नव्याने गंमतीचा वाटतो.

यंदा परतीच्या वाटेवर टिटवीने मला पळता भुई थोडी केली. डोक्यावरून घिरट्या घालत, टाहो फोडत ती खाली झेपावत होती, तेव्हा मी जागीच थांबलो आणि पायापुढचा कातळ नीट पाहिला. वीतभर अंतरावर, कसलेही घरटे नसताना, नुसत्या खड्यांच्या कोंदणात चार अंडी होती. दगडाच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, टोके आतल्या बाजूला करून मांडलेली. आणखी एक पाऊल पडले असते तर संपले होते. मी मोठा वळसा घेऊन निघालो तरी ती बराच वेळ मागे येत राहिली.

घरी पोचेपर्यंत खारा वारा चांगला सुटला होता. काकू बिया गोळा करत होती. ओटीवर टेकून मी तिला हत्तीचे सांगितले, त्यावर ती “हं” म्हणाली. अंजनीच्या फुलांवर तेवढेही म्हणाली नाही. टिटवीच्या अंड्यांचे ऐकल्यावर मात्र तिचा हात थांबला.

“उंचवट्यावर होती की खळग्यात?” तिने विचारले. टिटवीने अंडी उंच जागी घातली की पाऊस जोराचा होतो, असे आमच्याकडे मानतात.

मी आठवून पाहिले. अंडी किती, रंग कसला, टोके कुठे, सगळे आठवत होते, पण जागेची उंची काही केल्या आठवेना.

“तेवढंच बघायचं होतं,” काकू म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.