आमची वाटचाल : काट्याचा प्रोग्राम आणि त्याचा मूळ वेग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही दुकान टाकलं ते कॉम्प्युटर जोडून विकायला. आधी ३८६ प्रोसेसरचे, मग ४८६चे. कॅबिनेटच्या तोंडावर 'टर्बो' लिहिलेलं एक बटण असायचं आणि शेजारी हिरव्या आकड्यांत मशीनचा वेग, ३३ किंवा ६६ मेगाहर्ट्झ. हे बटण कशाला, असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं. पहिला आयबीएम पीसी १९८१ साली आला तो ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळातले काही प्रोग्राम त्याच वेगाच्या हिशोबाने लिहिलेले, नव्या मशीनवर ते आवरायचे नाहीत. म्हणून मशीन मुद्दाम सावकाश करायची ही सोय. आम्ही सांगायचो, "राहू दे चालू, हात लावू नका." पुढे ते बटण गेलं. त्याचं काम मात्र शिल्लक राहिलं, आणि आज आमचा निम्मा धंदा त्याच कामावर उभा आहे.

विक्रीसोबत आम्ही प्रोग्रामही लिहून देत होतो. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत. फौंड्रीचा मालसाठा, सूतगिरणीची हजेरी, ऊसपट्ट्यातल्या खाजगी वजनकाट्यांची पावती. एका फ्लॉपीत मावणारे, विजेच्या लपंडावात टिकणारे प्रोग्राम. १९९७ साली पेंटियम टू आलं आणि त्यानंतर फोन सुरू झाले : "नवीन मशीन घेतलं, तुमचा प्रोग्राम उघडतच नाही." पडद्यावर एकच ओळ, रनटाइम एरर २००, शून्याने भागाकार. मी सगळा कोड पालथा घातला. शून्याने भागणारी एकही ओळ त्यात नव्हती.

चूक आमच्या कोडच्या आधीच होत होती. टर्बो पास्कलसोबत येणाऱ्या सीआरटी युनिटला, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या तयार कोडला, 'डिले' नावाची सोय पुरवायची असते, म्हणजे अमुक मिलिसेकंद थांबणं. त्यासाठी प्रोग्राम सुरू होतानाच ते युनिट मशीनचा वेग मापतं. पीसीचं घड्याळ सेकंदाला १८.२ ठोके देतं, म्हणजे एक ठोका सुमारे ५५ मिलिसेकंदांचा. तेवढ्यात रिकामे फेरे, म्हणजे काही काम न करता त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं, किती झाले ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, जास्तीत जास्त ६५,५३५. मशीन वेगवान झालं, फेरे वाढले, उत्तर जागेत मावेना. आणि भागाकाराचं उत्तर मावलं नाही तरी प्रोसेसर शून्याने भागल्याचीच हाक मारतो. बिचारा प्रोग्राम पहिला पडदा दाखवायच्या आधीच गार. दुरुस्त केलेलं युनिट मिळवून आम्ही सगळे प्रोग्राम पुन्हा बांधले. ज्यांचा मूळ कोड आमच्याकडे नव्हता, त्यांच्या फायलीत थेट फेरफार करून दिला. त्या महिन्यांत मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या क्लासात शिकलो नसतो.

मधली काही वर्षं नेटवर्किंग, कॅमेरे, बिलिंग यांत गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

मग जुनी मशीनं एकामागून एक दम तोडू लागली. मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर, कुरकुरणारी हार्ड डिस्क, बाजारात मिळेनासे झालेले पार्ट. नवं मशीन घ्यावं तर ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, १६ बिटांचा प्रोग्राम चालतच नाही. एका काट्याच्या मालकाला नवीन प्रोग्राम नको होता. वीस वर्षांच्या पावत्या त्यात होत्या आणि कारकुनाची बोटं त्या की दाबायला सरावलेली होती. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. चोख चालणारी गोष्ट केवळ जुनी झाली म्हणून फेकायला सांगणं मला पटत नाही.

म्हणून आम्ही नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर, बसवलं, आत डॉस घातलं, प्रोग्राम चढवला. दुकानात सगळं झकास. दुसऱ्या दिवशी काट्यावरून फोन : "मालक, ट्रॉली काट्यावर उभी आहे, इंडिकेटरवर आकडा दिसतोय, पण कॉम्प्युटरात येईना झालाय."

जाऊन पाहिलं. इंडिकेटर सीरियल केबलवरून २,४०० बॉडने, म्हणजे सेकंदाला २,४०० बिटांनी, वजन पाठवतो. एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं, एका अक्षराला चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. प्रोग्राम काट्याला विचारायचा आणि उत्तराची वाट पाहत ६०,००० फेरे मारायचा. तेवढ्यात काही आलं नाही तर 'काटा बंद' म्हणून मोकळा. ३८६ वर त्या फेऱ्यांना पुरेसा वेळ लागायचा, वजन आरामात पोहोचायचं. नव्या प्रोसेसरवर पहिलं अक्षर तारेतून यायच्या आत ६०,००० फेरे संपलेले. तो फेरा मीच लिहिला होता, आणि त्या काळात सगळे तसंच लिहायचे.

त्या प्रोग्रामचा मूळ कोड एका पुरात भिजलेल्या फ्लॉप्यांबरोबर गेला होता, त्यामुळे फेरा बदलायची वाट बंद. आम्ही व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरचा वाटा कमी करून दिला, आधी निम्मा, मग दहा टक्के. वजन येऊ लागलं, कधी यायचं, कधी नाही. आणि आठवड्याभरात नवीनच तक्रार आली : पावतीवरची वेळ चुकतेय. ऊसवाल्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही. भरलेल्या ट्रॉलीचं वजन कधी झालं आणि रिकामीचं कधी, यावरून रात्री दोन वाजता वाद होतात. शेतकरी कारखान्यात जायच्या आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो ते मनाच्या खात्रीसाठी. त्या पावतीवर खोटी वेळ छापली जात होती, आणि ती आमच्यामुळे. मी मालकांची माफी मागितली आणि जुनं मशीन तात्पुरतं पुन्हा जोडून दिलं.

कारण समजायला मला पंधरा दिवस लागले. व्हर्च्युअल मशीन प्रोग्रामच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरच्या हाती देतं. वाटा दहा टक्के केला म्हणून प्रोसेसर सावकाश होत नाही. तो क्षणभर पूर्ण वेगाने धावतो, मग थांबवला जातो, पुन्हा धावतो. धावायच्या क्षणी वाट पाहणारा फेरा तसाच झटक्यात संपतो. आणि थांबलेल्या क्षणी घड्याळाचे ठोके चुकतात. डॉस तर खरी वेळ सुरू होताना एकदाच वाचतं, पुढे ठोके मोजत राहतं. ठोके हुकले की वेळ मागे पडणारच.

हवं होतं ते इम्युलेटर, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम. तो प्रत्येक सूचना स्वतः वाचून पार पाडतो, म्हणून त्याला त्या मोजताही येतात. डॉसबॉक्स नावाच्या इम्युलेटरमध्ये 'सायकल्स'चा आकडा देता येतो, म्हणजे एका मिलिसेकंदात किती सूचना. ३,००० दिले की सेकंदाला ३० लाख. कंट्रोल आणि एफ११ ने आकडा उतरतो, कंट्रोल आणि एफ१२ ने चढतो. धंद्याच्या कामासाठी तो 'ऑटो' किंवा 'मॅक्स'वर कधी ठेवू नये, 'फिक्स्ड'च हवा. सीरियल पोर्टही थेट खऱ्या पोर्टला जोडता येतो. याच घराण्यातला डॉसबॉक्स-एक्स छपाईसाठी बरा पडतो. नेमक्या जुन्या चिपचीच नक्कल लागली तर ८६बॉक्स आहे, त्यात ३८६डीएक्स-३३ निवडलं की मदरबोर्डसकट तेच उभं राहतं, फक्त बाहेरचं मशीन दमदार लागतं. क्यूएमू या आणखी एका इम्युलेटरमध्येही एका सूचनेला किती नॅनोसेकंद धरायचे ते ठरवता येतं.

पण आकडा कोणता द्यायचा? सुरुवातीला आम्ही महिन्याचा रिपोर्ट जुन्या मशीनवर घड्याळ लावून काढला आणि इकडे तेवढाच वेळ लागेपर्यंत सायकल्स खाली आणल्या. ते चुकलं. रिपोर्टमध्ये डिस्क वाचायचा वेळही मिसळलेला असतो, आणि नवी डिस्क जुन्यापेक्षा कैक पटींनी वेगवान. ती उणीव भरून काढायला प्रोसेसर गरजेपेक्षा हळू झाला आणि कीबोर्डची की दाबताना पडदा रेंगाळू लागला. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला : १,०९२ ठोके, म्हणजे एक मिनिट, तेवढ्यात किती फेरे होतात ते मोजणारा. तो आधी गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनवर चालवायचा, आकडा वहीत टिपायचा, मग इम्युलेटरमध्ये तोच आकडा येईपर्यंत सायकल्स जुळवायच्या. म्हणून आमचं सगळ्यांना सांगणं असतं की जुनं मशीन बंद पडायची वाट पाहू नका. ते जिवंत असतानाच आम्हाला बोलवा.

त्या काट्याचा आकडा ७,४०० वर जुळला. हंगाम सुरू व्हायच्या चार दिवस आधी मी आणि आमचा पोरगा तिथे रात्रभर बसलो. मोकळी ट्रॉली, भरलेली ट्रॉली, एकामागून एक. प्रत्येक पावतीची वेळ मोबाइलशी ताडून पाहिली. पहाटे कारकून मामा चहा घेऊन आले, खुर्चीत बसले, न बघता तीन की दाबल्या. डॉट मॅट्रिक्स कर्रर्र करून चालू झाला. "हां," ते म्हणाले, "आता हाताला पहिल्यासारखं लागतंय."

कॅबिनेटच्या बाजूला आम्ही कागद चिकटवला आहे : 'वेग ७४००. बदलू नये.' खाली दुकानाचा शिक्का. तसा कागद आता आम्ही सोडलेल्या प्रत्येक मशीनवर असतो आणि त्याची नक्कल आमच्या वहीत.