लाइव्हनेसला डेटाबेसचं विचारू नका

कंटेनरला (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पुडकं) हेल्थ चेक, म्हणजे ॲप धड चालतंय का ही तपासणी, लावायचा म्हटलं की बहुतेक जण आधी यूआरएल ठरवतात. खरं तर आधी ठरवायला हवं ते असं: चेक नापास झाला तर पुढे काय घडणार? कंटेनर चालवणाऱ्या-सांभाळणाऱ्या कुबर्नेटीसमध्ये असे तीन चेक असतात, त्यांना प्रोब म्हणतात. लाइव्हनेस नापास झाला की कंटेनर मारून पुन्हा सुरू केला जातो. रेडिनेस नापास झाला की पॉडला (कंटेनर ज्यात चालतो ते एकक) हात लागत नाही, फक्त सर्व्हिसकडून (पॉडांमध्ये विनंत्या वाटणारा भाग) त्याच्याकडे जाणारी रहदारी थांबते. स्टार्टअप प्रोब पास होईपर्यंत बाकीचे दोन्ही गप्प बसतात, आणि तो ठरलेल्या वेळेत पास झालाच नाही तर कंटेनर मारला जातो. एकच यूआरएल तिन्हीकडे चिकटवणारी यॅमल फाइल (कुबर्नेटीसची मांडणी यात लिहितात) दिसली, तर हा विचार झालेला नाही असं खुशाल समजावं.

उदाहरणासाठी रावेर-सावद्याकडचे केळीचे रोजचे भाव दाखवणारी एक सेवा धरू. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये लिहिलेली, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, चार पॉड. भाव जाहीर झाले की यावल, चोपडा, मुक्ताईनगरपर्यंतचे शेतकरी एकदम मोबाइल उघडतात. एखाद्या अवजड क्वेरीमुळे डेटाबेस 40 सेकंद अडखळतो. लाइव्हनेस प्रोब लावलाय स्प्रिंग बूटच्या 'ॲक्च्युएटर/हेल्थ' या तयार पत्त्यावर, आणि तो डेटाबेसही तपासतो. दर 10 सेकंदांनी एक तपासणी, तीनदा नापास झालं की कारवाई. म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात चारही कंटेनर मारले जातात. चारही एकदम उठतात, एकदम कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडण्यांचा साठा) उघडतात आणि आधीच दमलेल्या डेटाबेसवर पुन्हा भार पडतो. मग पुन्हा नापास. त्यानंतर क्रॅशलूपबॅकऑफ: पुढच्या प्रयत्नाआधी 10 सेकंद थांबणं, मग 20, मग 40, असं दुप्पट होत 5 मिनिटांपर्यंत. 40 सेकंदांच्या अडखळण्याचं बघता बघता लांबलचक बंद पडणं होतं. कंटेनर मारून डेटाबेस बरा होत नसतो.

लाइव्हनेसने विचारावं ते एवढंच: 'बरं शे का भो?' प्रोसेस जागी आहे का, साध्या विनंतीला उत्तर देतेय का. डेडलॉक झालाय (कामं एकमेकांची वाट बघत अडकलीत) किंवा इव्हेंट लूप (विनंत्या एकेक करून हाताळणारं चक्र) अडकलाय, असं जे फक्त रीस्टार्टने सुटतं तेच इथे पकडायचं. स्प्रिंग बूटने 2.3 आवृत्तीपासून यासाठी 'हेल्थ/लाइव्हनेस' आणि 'हेल्थ/रेडिनेस' असे दोन वेगळे पत्ते दिलेत. कुबर्नेटीसमध्ये चालताना ते आपोआप सुरू होतात, आणि मुळात डेटाबेस त्यांत धरलेला नसतो. तेच वापरा.

रेडिनेस समजायला जिनिंगचं फाटक डोळ्यांसमोर आणावं. आवार कपाशीच्या गाड्यांनी भरलं की फाटकावर पुढच्या गाड्या थांबवतात, जागा झाली की सोडतात. त्यासाठी कुणी अख्खी जिनिंग बंद करून पुन्हा चालू करत नाही. कॅशे अजून भरला नाही, रांग तुंबली, या त्या-त्या पॉडच्या अडचणी रेडिनेसमध्ये याव्यात. मग डेटाबेस रेडिनेसमध्ये घालावा का? चारही पॉडचा डेटाबेस एकच असेल तर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो पडला की चारही पॉड एकदम रहदारीतून बाहेर जातात आणि शेतकऱ्याला कोरा 503 ('सेवा उपलब्ध नाही') दिसतो. पॉड रहदारीत राहिले तर निदान 'कालचे भाव, ताजे थोड्या वेळात' एवढं तरी दाखवता येतं.

आता आकडे. काहीच लिहिलं नाही तर कुबर्नेटीस सुरुवातीचा थांबा 0 सेकंद, दोन तपासण्यांमध्ये 10 सेकंद, उत्तराची मुदत 1 सेकंद आणि नापासाची मर्यादा 3 धरतो. यातला सर्वांत घातक आकडा मुदतीचा. सीपीयू मर्यादा घट्ट असेल तर गर्दीच्या वेळी प्रोसेसचा वेग आवळला जातो, किंवा जावा चालवणाऱ्या जेव्हीएमचं गार्बेज कलेक्शन (मेमरीची साफसफाई) मध्येच येतं, आणि धडधाकट ॲप एका सेकंदात उत्तर देऊ शकत नाही. लाइव्हनेसला 3 ते 5 सेकंद मुदत द्या. नापासाची मर्यादाही लाइव्हनेसला सैल आणि रेडिनेसला घट्ट ठेवा, उदाहरणार्थ 6 आणि 2. रहदारी लवकर वळवण्यात फारसं नुकसान नाही, घाईने मारण्यात आहे.

स्टार्टअपसाठी ॲप उठायला लागणारा वेळ क्लस्टरमध्येच (कुबर्नेटीसच्या मशिनांच्या समूहात) मोजा. लॅपटॉपवर 20 सेकंदांत उठणारं ॲप अर्ध्या कोरच्या मर्यादेत दीड मिनिटही घेऊ शकतं. तपासणी दर 5 सेकंदांनी आणि नापासाची मर्यादा 36 ठेवली तर 180 सेकंद मिळतात. ॲप 60 सेकंदांतच उठलं तर पुढचं काम तिथूनच सुरू होतं, उगाच थांबावं लागत नाही. याआधी लोक सुरुवातीच्या थांब्याचा आकडा फुगवून भागवायचे. 2020 मधल्या 1.20 आवृत्तीत स्टार्टअप प्रोब स्थिर झाला, त्यामुळे आता तसं फुगवायची गरज नाही.

प्रोब चालवतो नोडवरचा (क्लस्टरमधल्या मशिनवरचा) कुबलेट हा कुबर्नेटीसचा प्रोग्राम, पॉडच्या आयपीवर. बऱ्याच गोंधळांचं मूळ इथे आहे. ॲप फक्त 127.0.0.1 वर (आतल्याआतच) ऐकत असेल तर पॉडच्या आत सगळं छान चालतं आणि प्रोबला मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड' मिळतं, 0.0.0.0 वर (सगळ्या पत्त्यांवर) ऐकवा. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये होस्ट हेडरला (विनंती कुठल्या पत्त्यासाठी ते सांगणारी ओळ) पॉडचा आयपी येतो, तो परवानगीच्या यादीत नसतो, म्हणून 400 ('चुकीची विनंती'). प्रोबमध्ये होस्ट हेडर लिहून देता येतो. उलटा धोका जास्त वाईट: 200 ते 399 मधलं कुठलंही उत्तर पास धरलं जातं. हेल्थचा पत्ता लॉगिनच्या मागे असेल आणि ॲप लॉगिन पानाकडे वळवत असेल, तर आतून मेलेलं ॲपही हिरवं दिसत राहतं.

डॉकरफाइलमधली (कंटेनरची इमेज, म्हणजे साचा, कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) हेल्थचेक ओळ कुबर्नेटीस वाचतच नाही. ॲमेझॉनच्या ईसीएस या कंटेनर चालवणाऱ्या सेवेतही ती चालत नाही, टास्क डेफिनिशनमध्ये (तिथे कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी मांडणी) वेगळी लिहावी लागते. साध्या व्हीएमवरच्या डॉकरमध्ये ती चालते, पण कंटेनरवर 'अनहेल्दी' असा शिक्का मारण्यापलीकडे डॉकर स्वतः काही करत नाही. रीस्टार्ट पॉलिसी जागी होते ती प्रोसेस बंद पडल्यावरच. शिवाय कमांड कंटेनरच्या आत चालते, त्यामुळे इमेजमध्ये कर्ल (पत्त्याला विनंती पाठवणारं साधन) नसेल तर चेक कायम नापास. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये कर्ल नसतं, पण तेच काम करणारं बिझीबॉक्सचं डब्ल्यूगेट असतं.

ईसीएसपुढे ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (रहदारी वाटून देणारा) असेल तर त्याचा स्वतःचा चेक असतो: मुळात दर 30 सेकंदांनी, मुदत 5 सेकंद, दोनदा नापास झालं की बाहेर, पाचदा पास झालं की आत. सावकाश उठणाऱ्या टास्कला सर्व्हिसचा हेल्थ चेक ग्रेस पिरियड (सुरुवातीची सवलत) दिला नाही, तर उठायच्या आधीच तो मारला जातो आणि हे चक्र थांबत नाही.

बंद होण्याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. पॉड काढताना सिगटर्म ('बंद हो' हा इशारा) पाठवणं आणि पॉडचा पत्ता रहदारीतून काढणं ही कामं समांतर चालतात. ॲप लगेच बंद झालं तर मधल्या क्षणांत आलेल्या विनंत्या पडतात. प्रीस्टॉपमध्ये (सिगटर्मआधी चालणारी पायरी) 5 ते 10 सेकंदांची झोप टाका. ती बंद व्हायला मिळणाऱ्या मुळातल्या 30 सेकंदांच्या मुदतीतच मोजली जाते हे धरून हिशेब करा.

कंटेनर वारंवार रीस्टार्ट होत असेल तर आधी 'कुबेक्टल डिस्क्राइब पॉड' चालवून इव्हेंट वाचा, मग आधीच्या कंटेनरचे लॉग बघा. एक्झिट कोड 137 (प्रोसेस जबरदस्तीने मारली) दिसला की लोक थेट मेमरी वाढवतात. पण प्रोबने मारल्यावर ॲप मुदतीत बंद झालं नाही, तरी कोड 137 च येतो. शेजारचं कारण वाचा: 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपल्याने मारला) असेल तरच मेमरीचा प्रश्न.

हे सगळं लावून झालं की चाचणीच्या क्लस्टरमध्ये डेटाबेस मुद्दाम पाच मिनिटं बंद ठेवा आणि पॉडच्या यादीतला रीस्टार्टचा रकाना बघत बसा. तिथला आकडा 0 च राहिला पाहिजे.