संध्याकाळी एकट्याने गोरखगड

गोरखगडावर बहुतेक जण भल्या सकाळी जातात आणि ऊन तापायच्या आत उतरतात. मला मावळतीचं ऊन माथ्यावरून बघायचं होतं. फेब्रुवारीतला मधला वार, त्यामुळे सोबतीला कोणी मिळेना, मग एकटाच निघालो. मुक्काम गडावरच्या गुहेतच ठरवला, म्हणजे अंधारात सुट्या माती-दगडांच्या घसाऱ्यावरून गावापर्यंत उतरायला नको. घरी सांगितलं होतंच. पायथ्याच्या देहरी गावात ज्यांच्याकडे जेवलो त्यांनाही सांगून ठेवलं.

मुरबाडहून म्हसामार्गे देहरी. गावातून मच्छिंद्रगड आणि गोरखगड असे दोन सुळके शेजारी उभे दिसतात. त्यातला गोरख आपल्यासारख्यांचा, मच्छिंद्राला दोर लागतो. जंगलातली चढण घामटं काढते, बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मजा येते ती कातळकोरीव पायऱ्या लागल्यावर. दरवाजा, पाण्याची टाकी आणि मग प्रशस्त गुहा. सॅक तिथेच टाकली, पाण्याची छोटी बाटली आणि हेडटॉर्च तेवढी घेतली. उभ्या कातळावर पाठीचं ओझं माणसाला मागे ओढतं.

गुहेपासून माथ्यापर्यंतचा टप्पा छोटा, पण छातीवर येणारा. पायऱ्या काही ठिकाणी इतक्या झिजल्यात की पाऊल आडवं टाकावं लागतं. हाताला आधार कातळात खोदलेल्या खोबण्यांचा. त्यांत माती नि पालापाचोळा साठतो, कधी विंचूही असायचा, म्हणून बोटं घालण्याआधी आत नीट बघत होतो. दोन पाय आणि एक हात पक्का असेल तेव्हाच दुसरा हात सोडायचा, हे ट्रेकच्या ग्रुपमध्ये नुसतं ऐकायचं असतं. एकटं असलं की ते आपसूक पाळलं जातं. खालून "डावा पाय जरा खाली घे" म्हणणारं कोणी नसतं ना! दिवसभर तापलेला दगड तळव्यांना अजून चांगलाच गरम लागत होता.

माथा एवढासा. महादेवाचं छोटं मंदिर, समोर नंदी, की संपलं. सिद्धगड आणि आहुपे घाटाचे कडे तांबूस झाले होते. सूर्य टेकेपर्यंत थांबायचा मोह होता, पण तो हातभर वर असतानाच निघालो. इथे चढण्यापेक्षा उतरणं अवघड. तोंड कातळाकडे ठेवायचं, खालची पायरी दिसत नाही, ती बुटाच्या टोकाने चाचपडत शोधायची. त्यात दृष्टिभय आहेच. दोन पायांच्या मधून थेट दरी दिसते. एका झिजलेल्या पायरीवर तर चक्क बसलो आणि मगच पुढचा पाय सोडला. बघायला कोणी नव्हतं, तेव्हा लाजायचं कारणही नव्हतं.

गुहेत पोचलो तेव्हा टॉर्च अजून खिशातच होती. कड्याच्या टोकाशी मोबाईलला एक कांडी रेंज मिळाली, घरी फोन लावला.

"उतरलास का रे?"

"हो आई, कातळ उतरलो. गुहेत आहे."

"म्हणजे अजून वरच आहेस की!"