लायसन रिन्यू: ‘महिनाभर चालतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

लायसन संपलं तरी महिनाभर चालतं, असं छातीठोकपणे सांगणारे अजूनही जागोजागी भेटतात. साफ चूक. ती 30 दिवसांची सवलत मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीतच गेली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी काढली तर ते विनापरवाना चालवणं: कलम 181, दंड 5,000. त्या दिवशी कुठे ठोकली तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त.

त्याच दुरुस्तीतली कामाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मुदत संपायच्या आधी वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो. संपल्यानंतरही वर्षभर करता येतो, पण जादा फी लागते आणि नवीन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. तेही वर्ष उलटलं की पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट. वीस वर्षं गाडी चालवताय, याला तिथे किंमत शून्य.

कार्डावरची तारीख नीट वाचा. एनटी म्हणजे खासगी, टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट. ट्रान्सपोर्टची मुदत पाचच वर्षं, म्हणून एकाच कार्डावर दोन वेगळ्या तारखा असू शकतात. जुनं पुस्तकवालं लायसन असेल तर आधी सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी पोर्टलवर, नंबर टाकून बघा. माहिती दिसलीच नाही, तर ज्या आरटीओनं ते दिलं तिथे जाऊन नोंद चढवून घ्यावी लागते. हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर संपलंच.

आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे आणि कागद स्कॅन करता येतात, असं धरून पुढचं लिहितोय. परिवहनच्या साइटवरून सारथीत जा, पत्ता gov.in वरच संपतोय ना हे पाहूनच, कारण हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट आहेत. राज्य महाराष्ट्र, मग लायसनच्या सेवा, नंबर, जन्मतारीख, रिन्यूअल. आधार ई-केवायसी जुळली तर फेसलेस, म्हणजे आरटीओत न जाता काम होतं, नाहीतर स्लॉट घेऊन मूळ कागद दाखवायला जायचं. आधारवर नुसतं नाव-आडनाव आणि लायसनवर वडिलांच्या नावासकट आडनाव आधी, असा मामला असेल तर गाडी इथेच अडते. इथवरचं बाकी सगळं सोपं आहे.

खरा खड्डा म्हणजे फॉर्म 1ए. वय 40च्या पुढे असेल, किंवा लायसन ट्रान्सपोर्टचं असेल, तर डॉक्टरी दाखला लागतो. चाळिशीच्या आत फॉर्म 1 हे स्वतःचं निवेदन पुरतं. आरटीओबाहेर सही-शिक्का मारून तयार ठेवलेले छापील फॉर्म विकतात, ते घेऊ नका. महाराष्ट्रात हा दाखला डॉक्टरनं स्वतःच्या लॉगिनमधून सारथीवर चढवायचा असतो आणि त्यासाठी तुमचा अर्ज क्रमांक लागतो. म्हणून क्रम असा: आधी अर्ज, मग डॉक्टर. उलटं केलं की हेलपाटा ठरलेला. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे लॉगिन नसेल तर ते कितीही चांगले असोत, इथे उपयोगाचे नाहीत. फोनवर आधी ‘लायसनचं ऑनलाइन 1ए करता का?’ एवढंच विचारा. तपासणीत पाहायचं असतं ते 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आणि ऐकू येण्याचा प्रश्न नाही ना. चष्मा घालून वाचलेलं चालतं, तेव्हा चष्मा घरी विसरू नका. जो डॉक्टर मान वर न करता पैसे घेऊन मोकळा होतो, तो स्वस्तात पडला म्हणून खूश होऊ नका. डोळे तुमचेच आहेत.

फोटो आणि सही 10 ते 20 केबीत बसवायची. मोबाइलचा फोटो त्याच्या शेकडो पट असतो. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेननं, सावली न पाडता काढा आणि कडेनं कापा, नाहीतर कार्डावर राखाडी डाग छापून येतो.

फी रिन्यूअलची 200, स्मार्टकार्डाची 200, टपालाचे वेगळे. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. ‘व्हेरिफाय पे स्टेटस’मध्ये तपासा. एवढ्या कामाचे एजंट हजाराच्या वर मागतो आणि डॉक्टरचे पुन्हा वेगळे. माझ्या मते फक्त पुस्तकवाल्या लायसनच्या भानगडीत एजंट सोबत घ्यावा, एरवी अजिबात नाही.

कार्ड स्पीड पोस्टनं लायसनवरच्या पत्त्यावर येतं. घर बदललं असेल तर त्याच अर्जात पत्ता बदलही निवडा. दाराला कुलूप दिसलं तर पाकीट परत जातं आणि मग ते शोधत फिरायचं काम तुमचं. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन पोलिसांना चालतं, मात्र त्यात नवी तारीख चढली आहे ना ते पाहूनच बाहेर पडा.

मुलं शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघाली असतील आणि लायसन वर्षाच्या आत संपत असेल, तर विमानात बसण्याआधीच रिन्यू करा. आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो आणि मूळ लायसन त्याआधी संपलं की तोही संपतो. आधी रिन्यू, मग आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज.