पाचव्या रस्त्यावरचा किराणावाला

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबसहून सिनसिनाटीला मी गेलो तो तांब्याच्या एका चकतीवरचा पत्ता शोधण्यासाठी. नाण्यांच्या प्रदर्शनात घेतलेली ही चकती त्या काळच्या एक सेंटच्या नाण्याएवढीच, म्हणजे साधारण १९ मिलिमीटरची असून, तिच्या एका बाजूस १८६३ हे साल आणि दुसऱ्या बाजूस एका किराणा दुकानदाराचे नाव व पाचव्या रस्त्यावरचा पत्ता आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबर १८६१ च्या अखेरीस, न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले आणि लोकांनी आधी सोने, मग चांदी, तर पुढे साधा सेंटसुद्धा दडवून ठेवला. सुट्ट्यांऐवजी टपालाची तिकिटे चालू लागली. ती हाताला चिकटत, म्हणून जॉन गॉल्ट यांनी ती अभ्रकाखाली, पितळी चौकटीत बसवण्याचे पेटंट १८६२ मध्ये घेतले. शेवटी दुकानदारांनीच ठसे कोरणाऱ्यांकडून आपापल्या चकत्या पाडून घेतल्या, आणि त्यात सिनसिनाटीचे कारागीर आघाडीवर होते. काही चकत्यांवर ‘वन सेंट’ ठळक आणि त्यावर ‘नॉट’ अगदी बारीक कोरलेले दिसते. ही लबाडी मला फार आवडते.

अशा चकतीला तारण एकच, ते म्हणजे दुकानदाराची पत. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्यूलर या बिअरविक्रेत्याने दहा लाखांहून अधिक चकत्या काढल्या. थर्ड अव्हेन्यूवर घोड्यांची रेल्वे चालवणाऱ्या कंपनीने भाड्यापोटी साठलेला ढीग त्याच्याकडे नेला, तेव्हा त्याने पैसे द्यायला चक्क नकार दिला, असे सांगतात. (एसटीच्या तिकिटामागे वाहकाने लिहिलेले ‘बाकी २ रुपये’ घेऊन उतरलेल्या माणसाला ती रेल्वेची अवस्था समजेल.) १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अशा खाजगी नाण्यांवर बंदी घातली.

पाचव्या रस्त्यावर त्या क्रमांकाच्या आसपास आता गाड्यांचा बहुमजली तळ आहे. मी चकती तळहातावर धरून तेथे थोडा वेळ उभा राहिलो, आणि पहारेकऱ्याने दोनदा पाहिल्यावर निघालो.

नंतर १८६३ सालीही उभ्या असलेल्या फिंडले मार्केटमध्ये गेलो. नोव्हेंबर २०२५ पासून चलनासाठी सेंट पाडणे बंद झाले आहे. पाववाल्या बाईंनी माझे तीन सेंट देण्याऐवजी पाच सेंटचे नाणे पुढे केले. मी खिशातली चकती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, पत्ता वाचला आणि म्हणाल्या, “हे दुकान उघडे असते, तर घेतली असती.”