स्लॅबची भेग बुजवण्याआधी तिची दिशा बघा

स्लॅबला भेग दिसली की गवंडी सिमेंटची स्लरी ओततो, घरमालक निर्धास्त होतो आणि पुढच्या पावसाळ्यात छत पुन्हा गळतं. भेग कुठे आहे, कोणत्या दिशेनं गेली आहे आणि पहिल्यांदा कधी दिसली, एवढं पाहिलं तरी कारण बहुतेक वेळा हाती लागतं.

स्लॅब टाकल्यावर काही तासांतच वर एकमेकींना समांतर, तिरप्या भेगा उमटल्या तर तो उन्हावाऱ्याचा प्रताप. खालचं पाणी वर येण्याआधीच वरचं उडून जातं, थर आकसतो आणि ताण सोसायची ताकद अजून आलेली नसते. काँक्रीट ओलं असतानाच भेग दिसली तर थापीनं दाबून ती मिटवता येते. मे महिन्यात काम दुपार टाळूनच करावं आणि फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरावं. दुसरा गुन्हेगार म्हणजे ‘माल घट्ट झालाय’ म्हणत ओतलेली जादा बादली. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ : २००० प्रमाणे सौम्य हवामानातल्या एम-२० प्रतीच्या आरसीसीसाठी (सळई घातलेल्या काँक्रीटसाठी) पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५५, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २७.५ लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. पीपीसी (राखेसारखे पदार्थ मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस पाणी मारावं. तिसऱ्या दिवशी पाणी साठवायला स्लॅबवर केलेले वाफे कोरडे पडलेले असतात, हे कुठल्याही साइटवर दिसेल.

कॉलम आणि विटांच्या सांध्यावरची उभी, सरळ रेघ सहसा फक्त प्लास्टरची असते. प्लास्टरआधी सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल अशी जाळी ठोकली की काम भागतं.

जुन्या घरात छताच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेतच भेग, जवळ तपकिरी डाग आणि हातोडीनं टकटक केल्यावर पोकळ आवाज, म्हणजे आत गंज आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. यावर नुसतं प्लास्टर म्हणजे पैसे पाण्यात. सळईच्या मागेही सुमारे २० मिमी मोकळं होईपर्यंत काँक्रीट फोडावं, गंज वायर ब्रशनं खरवडून झिंक प्रायमर लावावा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरावं. सळई बरीच झिजली असेल तर जोडसळई लागते; ती किती, हे इंजिनिअरनं ठरवावं.

बाकी भेगा हलताहेत का, हे तपासा. दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा, भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावा. महिन्या-दोन महिन्यांत पट्टा तडकला तर भेग जिवंत आहे. गच्चीवर अशी भेग १० मिमी खाचून लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं भरावी. कडक सिमेंट तिथे पुन्हा सुटणारच.

दोन ठिकाणी मात्र पट्टे लावत बसू नका. बीमच्या टोकाजवळची साधारण ४५ अंशांची तिरकी भेग आणि गॅलरीच्या वरच्या बाजूला भिंतीलगत आडवी गेलेली भेग. पुढे आलेल्या गॅलरीची मुख्य सळई वर असते आणि काँक्रीट ओतताना ती मजुरांच्या पायांखाली दबते. चेअर (वरची सळई उचलून धरणारे आधार) कमी लावल्या की हमखास. अशी भेग दिसली तर कुंड्या, टाकी उतरवा, खालची वर्दळ थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. टेकू कुठे द्यायचा, तेही त्यालाच ठरवू द्या.