सोमालीसाठी मराठी जीभ तयार असते, घसा नसतो

बडोद्याचा मराठी माणूस घरी मराठी, मांडवीच्या बाजारात गुजराती आणि गाडीत हिंदी बोलतो. आणखी एका भाषेची त्याला धास्ती नसते. सोमालीत पहिला धक्का देते ती लिपी. १९७२ साली सोमालियाने रोमन अक्षरं स्वीकारली आणि खास टिंबं-रेघा न वापरता मोकळी अक्षरं घशातल्या आवाजांना दिली. 'एक्स' म्हणजे घशातला ह, 'सी' म्हणजे अरबी ऐन. त्यामुळे 'सी-ए-एल-आय' हे काली नव्हे, अली. प तर नाहीच. पासपोर्टचा 'बासबोर' होतो.

'डी-एच' पाहून ध म्हणू नका. तो ड आहे, दोन स्वरांमध्ये 'गाडी'तल्यासारखा सैल. हा आपल्याला फुकटात मिळतो.

घशातल्या ह साठी आधी आरशावर वाफ धरल्यासारखा 'हा' काढा. मग जिभेचं मूळ मागे, घशाच्या भिंतीकडे ओढा. हवा अरुंद वाटेतून घासत गेली पाहिजे. पडजीभ खरखरली तर तो झाला 'के-एच', ते निराळं अक्षर. आणि तोच घशातला ह काढताना कंठ घुमवला की ऐन.

खरी अडचण सुराची. 'इनन' मध्ये इ वर सूर चढला तर मुलगा, दुसऱ्या अक्षरावर चढला तर मुलगी. (हा अ म्हणजे आपल्या आ चं आखूड रूप, देवनागरी इथे अपुरी पडते.) लिखाणात सूर दाखवत नाहीत. शेवटी इंग्रजी 'द'च्या अर्थाचा प्रत्यय 'का' लागला तर तो मुलगा, 'ता' लागला तर ती मुलगी. म्हणून नाम पाठ करताना हा प्रत्यय लावूनच करावं.

अनेकवचनही सोबत घ्यावं. शब्दाच्या शेवटी म टिकत नाही, त्याचा न होतो: एक पुरुष 'निन', अनेक 'निमन'. तसाच क चा ग: 'इलिग' एक दात, 'इल्को' अनेक. (आपल्याकडे एक असो की बत्तीस, दात तो दातच.)

इथिओपियातली ओरोमो भाषाही सोमालीच्याच कुशितिक कुळातली, लिपीही रोमन, पण ही उजळणी तिथे नेऊ नका. तिथला 'डी-एच' हवा आत ओढून काढतात. बडोद्याच्या वारसिया भागात सिंधी कानावर पडली असेल तर त्यातला आत ओढलेला ड आठवा. आणि ओरोमोतला 'एक्स' ह नाहीच, श्वास कोंडून टचकन सोडलेला त आहे.